ओट्याची उंची

११ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत, आणि आईच्या मनगटाचं प्लास्टरही निघालं. फोनवर तू "हं" आणि "बरं" यापलीकडे जात नाहीस. आज जे सांगायचंय त्यावर तू नुसतं "हं" म्हणालास तर मी फोन भिंतीवर आपटेन. म्हणून कागद घेऊन बसले.

सकाळी रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं की अकरा वाजताच्या पार्टी आल्यात, घरात बदल करायचेत म्हणतात. बाई नवीन आहेत, त्यांना कोण ओळखीचं आणि कोण नाही हे अजून कळत नाही. मी म्हटलं, पाठवा. आणि दार उघडून आई आत आली.

आपली आई. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली पर्स. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि माझ्या टेबलावरची धूळ बोटानं तपासली.

मी म्हटलं, "अगं, फोन करायचास ना, मी घरी आले असते."

"घरी कशाला? काम तुझ्या ऑफिसचं आहे. बाकीच्यांना वेळ देतेस तसा मला दे."

मला वाटलं, बाथरूमचं काहीतरी राहिलंय. तुला कळवलं होतंच, ती बाथरूममध्ये घसरून पडली, मनगट मोडलं, त्यानंतर मी ती बाथरूम अख्खी नव्यानं करून घेतली. खरखरीत फरशी, तीन ठिकाणी धरायला दांडे, बसायला बाक, एवढासाही उंबरा नाही. दाखवल्यावर ती "छान झालंय" म्हणाली होती आणि दांड्याला हातही लावला नव्हता. तेव्हा मी म्हटलं, दांडा हलतोय का?

"बाथरूम उत्तम आहे. मला घराच्या मधोमध भिंत घालून हवी आहे. एका बाजूला मी, एका बाजूला तुझे बाबा. दोन दारं, दोन स्वयंपाकघरं, विजेचे दोन मीटर. गॅलरी त्यांना, मागचं अंगण मला."

मी हसले. ती हसली नाही. दादा, ते विजेचे दोन मीटर ऐकून माझं हसू थांबलं. रागानं माणूस भिंत घालीन म्हणतो, दार लावून घेईन म्हणतो. मीटरपर्यंत जो जातो त्याचं सगळं ठरलेलं असतं.

"भांडण झालं का?"

"नाही."

"बाबा काही बोलले?"

"ते कधी काय बोलतात?"

"अगं मग कशासाठी?"

"सगळ्या गिऱ्हाइकांच्या एवढ्या चौकशा करतेस? मग धंदा चालतो कसा तुझा?"

मी सवयीनं फॉर्म पुढे ओढला आणि बाबांनी शिकवलेला पहिला प्रश्न विचारला. तुलाही पाठ आहे तो. तुमचा घरातला दिवस कसा जातो, उठल्यापासून झोपेपर्यंत? अनोळखी माणसाला हे विचारणं सोपं असतं, जन्मदात्या आईला विचारताना जीभ अडखळली.

"दिवसभर चढते आणि उतरते," ती म्हणाली.

"कुठे चढतेस? आपल्या घरात एक पायरीसुद्धा नाही."

"माप घ्यायला येशील तेव्हा कळेल."

आणि आता तुझ्याशी संबंधित मुद्दा. तिला तिचं स्वयंपाकघर तुझ्या खोलीत हवं आहे. शेजारी बाथरूम असल्यामुळे पाण्याचे पाइप जवळ पडतात, हे मला तिनं सांगितलं, मी तिला नाही. मी म्हटलं, दादाला विचारते. तर म्हणाली, "तुझ्या शब्दांत नको, माझ्या शब्दांत विचार. आईला तुझी खोली हवी आहे, देशील का?"

विचारलं. तुझा ड्रॉइंग बोर्ड, पुस्तकं, सगळं अजून तसंच आहे. तू गेल्यापासून त्या खोलीत फक्त झाडू फिरतो. बाबांच्या ऑफिसात काम करायचं नव्हतं म्हणून तू गेलास, असं आम्ही लोकांना सांगतो आणि विषय बदलतो. आता तो बदलता येणार नाही असं दिसतंय.

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलंय.

तुझी,
बुटकी

१४ फेब्रुवारी

दादा,

सांगितलं. आणि मी अजून भानावर आलेले नाही.

मी मनाची सगळी तयारी करून गेले होते. बाबा चिडतील, छातीवर हात धरतील, किमान चष्मा तरी काढतील. बाबांनी ऐकून घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, "भिंत किती जाडीची धरलीस?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला मी काय सांगतेय ते कळलं का?"

"कळलं. चार इंची घालू नकोस, पलीकडचा आवाज येतो. नऊ इंची घाल. आणि जुन्या भिंतीला जोडताना दाते काढून जोड, म्हणजे विटा एकमेकींत अडकतील, नाहीतर उभी चीर जाईल."

चाळीस वर्षांच्या संसारात भिंत घालायची म्हटल्यावर नवरा सांध्याला चीर जाईल म्हणून काळजीत पडतो! मला रडू यावं की हसू, कळेना. मी विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्यांनी फक्त टेबलावरच्या पेन्सिलीच्या ढलप्या हातानं गोळा केल्या आणि टोपलीत टाकल्या. "तुझ्या आईनं सांगितलंय ना? मग कर," म्हणाले. ते इतके पटकन कबूल झाले की मला भीती वाटली. बाबा मांजराच्या पिल्लासाठीसुद्धा स्वतःचं म्हणणं सोडत नाहीत. आठवतं ना, पिल्लाच्या खोक्याचासुद्धा त्यांनी आधी नकाशा काढला होता.

मग मी टेप काढली. आपण लोकांच्या घरांची मापं घेत हिंडतो, पण या घराचं माप मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. कशाला घेणार? हे बाबांचं घर. मासिकात छापून आलेलं. कॉलेजात आमच्या सरांनी वर्गात या घराचा प्लॅन फळ्यावर काढला होता आणि मी मान ताठ करून बसले होते.

दिवाणखाना झाला, तुझी खोली झाली, मग स्वयंपाकघरात शिरले. ओट्यासमोर उभी राहिले. आणि मला ओटा छातीला लागला.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीच्या जागी उभी आहे. मागे सरले, पुन्हा पुढे आले. टेप लावली. सवयीनं स्वतःच्या कोपराचं माप घेतलं. ओटा कोपराच्या वर. बाबांचा नियम आपण दोघं झोपेतसुद्धा म्हणू शकतो: घरात जो रांधतो त्याचं कोपर मापल्याशिवाय ओट्याची रेघ ओढायची नाही, आणि ओटा कोपराच्या अर्धी वीत खाली. या नियमावर त्यांची भाषणं झाली आहेत. आणि आई तर माझ्याहूनही दोन बोटं बुटकी.

मग मला कळलं की काय कमी आहे. फळी. ओट्याच्या पायथ्याशी कायम असायची ती लाकडी फळी, खाली दोन जाड पट्ट्या ठोकलेली. लहानपणी तिच्यावर उभं राहून मी भांडी विसळायचे. मला वाटायचं फळी हा ओट्याचाच भाग आहे, जसा नळ असतो तसा. आर्किटेक्ट होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्या फळीकडे एकदाही बघितलं नाही.

आई जेवणाच्या टेबलाशी बसून कांदा चिरत होती. प्लास्टर निघाल्यापासून ती तिथेच बसून चिरते. मला वाटलं होतं आराम करते आहे.

"आई, फळी कुठे गेली?"

तिनं सुरी थांबवली. कांद्यामुळे म्हण किंवा कशामुळे, डोळे पुसले. "गॅलरीत बघ," म्हणाली.

गॅलरीत कुंड्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, वर जुनं पोतं टाकलेलं. एका बाजूची पट्टी निखळलेली, खिळे वर आलेले.

दादा, मी ते पोतं परत तसंच टाकून आत आले. विचारायची हिंमत झाली नाही. उद्या विचारीन. तू काही लिहिलं नाहीस अजून.

बुटकी

१६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी! "खोली घ्या. कोपराचं माप घेशील तेव्हा ती स्लिपर घालून उभी राहू दे, स्वयंपाकघरात ती स्लिपर काढत नाही."

मी कुठेही कोपराबद्दल लिहिलं नव्हतं. माझं दुसरं पत्र तुला मिळायच्या आधीच तुझ्या या दोन ओळी टपालात पडल्या होत्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ जिन्यातच उभी होते. मग सरळ आईकडे गेले. बाबा फिरायला गेले होते.

मी पत्र तिच्यासमोर धरलं. तिनं वाचलं, घडी केली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. माझं पत्र आहे म्हटलं तर म्हणाली, "राहू दे माझ्याकडे."

आणि मग बोलायला लागली. मी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते आहे, माझं काही घालत नाही.

"मी बाथरूममध्ये पडले नाही. फळीवरून पडले. वरच्या कप्प्यातला डबा काढत होते, पट्टी निखळली आणि मी गेले खाली. हात खाली सापडला. ओरडले. तुझे बाबा धावत आले. ते दारात थांबले, माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं. आणि त्यांनी आधी फळी उचलली. गॅलरीत नेऊन ठेवली. मग येऊन मला उचललं."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं.

"हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हात इतका ठणकत होता, पण त्या क्षणी मला हाताचं काही वाटेना. मला वाटलं, आपण कुणाबरोबर राहतोय?"

"अगं पण तू बोलली का नाहीस? मी बाथरूम फोडली, महिनाभर तू शेजारच्यांकडे अंघोळीला जात होतीस, आणि तू मूग गिळून बसलीस?"

"मी वाट बघत होते."

"कशाची?"

"तुमच्यापैकी कोणी विचारेल याची. घरात तीन आर्किटेक्ट आणि एक पोस्टातली बाई. पोस्टात पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, काउंटर उंच पडतोय तुम्हाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मापाचं स्टूल आलं. अनोळखी माणूस तो. इथे मी ती फळी सुताराकडून स्वतः करून घेतली, घरात राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात. कोणी विचारलं नाही, ही कशाला आणलीस."

दादा, मला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन आर्किटेक्टमध्ये मीही आले ना.

मग ती तुझ्याबद्दल बोलली. तुझी पदवी हातात आली त्या आठवड्यात तू तिचं माप घेऊन नव्या ओट्याचं ड्रॉइंग केलंस आणि जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे ठेवलंस. बाबा म्हणाले, हे घर पूर्ण झालंय, यातली वीट हलणार नाही. तू म्हणालास, तुम्ही अख्ख्या गावाच्या बायकांची कोपरं मापलीत आणि स्वतःच्या बायकोचं विसरलात. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. मला हे सगळं आज कळतंय, आणि तेही आईच्या तोंडून!

"तो माझ्या बाजूनं भांडत होता," आई म्हणाली, "आणि मी त्यालाच म्हटलं, वीतभर उंचीचं काय एवढं, गप्प बस. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. तेव्हापासून गप्पच आहे."

तुझ्या "हं"चा मला किती राग यायचा. आता तो राग कुठे ठेवू, कळत नाही.

भिंत होणार, दादा. आता मी तिला नको म्हणणार नाही.

बुटकी

१७ फेब्रुवारी

दादा,

काल रात्री झोप लागली नाही म्हणून आज सकाळीच बाबांना गाठलं. ऑफिसातून निवृत्त झाले तरी त्यांच्या अभ्यासिकेत ते नऊ वाजता शर्ट खोचून बसतात. मी गॅलरीतून ती फळी आणली आणि त्यांच्या टेबलावर, कागदांच्या वर ठेवली. आवाज चांगला मोठा झाला.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"आधी फळी उचललीत?" मी विचारलं. "आई खाली पडलेली, हात मोडलेला, आणि तुम्ही आधी ही उचललीत?"

त्यांनी फळीखालचा कागद ओढून काढला. मग म्हणाले, "हो."

मला वाटलं होतं, नाकारतील. दादा, मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की त्यांनी नाकारावं. आई दुखण्यात होती, तिचा गैरसमज झाला, असं काहीतरी म्हणावं. मी विश्वास ठेवला असता. ते "हो" म्हणाले.

"आणि डॉक्टरांना?"

"त्या डॉक्टरच्या आईचं स्वयंपाकघर मी केलंय. त्यांचं कोपर मापून. तो शाळेत होता तेव्हा, शेजारी उभा राहून बघत होता. आम्ही आत गेल्यागेल्या त्यानं तीच आठवण काढली. त्याच्यासमोर मी काय सांगू? माझ्या ओट्याला हात पुरत नाही म्हणून माझी बायको फळीवरून पडली?"

"हो! तेच सांगायचं होतं!" मी ओरडले. बाबांवर मी पहिल्यांदाच ओरडले.

मग मी विचारलं, की मुळात हे झालं कसं. तुमच्याकडून, सगळ्या जगात तुमच्याकडून. ते फळीच्या निखळलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत सांगत होते, माझ्याकडे बघत नव्हते. ओटा बांधायच्या दिवशी आई ड्यूटीवर होती. मिस्त्री सिमेंट कालवून थांबला होता, म्हणाला, साहेब, उंची? आणि बाबांनी कोपरातून हात वाकवून पुढे केला. स्वतःचा. मिस्त्रीनं त्या हाताखाली रेघ मारली.

"मी म्हटलं, संध्याकाळी तिला उभी करून बघू. संध्याकाळी अंधार पडला. मग वरची फरशी बसली. मग मासिकवाले फोटो काढायला आले."

"आणि फळी?"

"फोटो काढताना मीच बाजूला ठेवली होती. मला तेव्हाच कळलं होतं, बाळ."

म्हणजे आधीही त्यांनी फळी उचलली होती! हॉस्पिटलच्या दिवशी हात आपोआप तिकडे गेले, कारण त्यांना सवय होती. पाहुणे आले की फळी गॅलरीत, पाहुणे गेले की ओट्याखाली. आपण ते रोज बघत होतो आणि आपल्याला तो घर आवरण्याचा भाग वाटायचा.

मी त्यांना माफी मागा वगैरे सांगितलं नाही. माझी तेवढी ताकद उरली नव्हती. निघताना ते एवढंच म्हणाले, "भिंत नऊ इंचीच घाल. तिला माझा खोकला ऐकू यायला नको."

रागावलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटायला नको, पण वाटलं.

बुटकी

२१ मार्च

दादा,

या वेळी तुझं पत्र आईच्या नावावर, चार ओळींचं आलं. वाढ आहे. आई ते माझ्याकडे देत नाही, पर्समध्येच ठेवते, तेव्हा त्यात काय लिहिलंस मला ठाऊक नाही. वाचून झाल्यावर ती तुझ्या खोलीत गेली आणि खिडकीचे गज पुसत बसली.

तिचा ओटा झाला. माप मी घेतलं, स्लिपर घालून. तू ड्रॉइंगवर लिहिलेलं माप तिला तोंडपाठ होतं, पण ते आता चालत नाही, ती दोन बोटं आणखी खाली आली आहे. पहिल्या दिवशी ती ओट्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात सपाट ठेवले आणि काही न करता तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "खांदे खाली आले गं." मी बाहेर जाऊन मिस्त्रींना उगीचच काहीतरी ओरडून आले, नाहीतर तिच्यासमोर रडले असते.

जुनं स्वयंपाकघर बाबांकडे गेलं. आईनंच तसं वाटप केलं होतं: "तो ओटा त्यांच्या मापाचा आहे, त्यांनीच वापरावा." बाबा सध्या अंडी उकडायला शिकताहेत. परवा मी गेले तेव्हा ताठ उभे राहून टोमॅटो चिरत होते, कोपर बरोबर अर्धी वीत वर. "उंची उत्तम आहे," सहज बोलून गेले. आणि मग स्वतःचेच शब्द ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली. मी बाकीचा चिरून दिला. मला अर्थात टाचा वर कराव्या लागल्या.

आता काल काय झालं ते.

भिंत छातीच्या वर आली होती. आई आपल्या बाजूनं आली आणि मला म्हणाली, "यात एक लिंटेल टाक."

मी म्हटलं, "लिंटेल कशाला? दार कुठे आहे? तूच म्हणालीस, अखंड भिंत हवी."

"अखंडच हवी. दार नको. नुसतं लिंटेल टाक."

"तुला लिंटेल म्हणजे काय ठाऊक आहे का?"

"चाळीस वर्षं जेवताना तुमच्या तोंडी दुसरं काय असायचं? दारावर काँक्रीटची आडवी तुळई टाकतात, वरच्या विटांचं वजन पेलायला. ती आत्ता असली, तर पुढे कधी खालच्या विटा काढल्या तरी वरची भिंत कोसळत नाही. बरोबर?"

बरोबर. मी मान हलवली.

मिस्त्री डोकं खाजवत होते. भिंतीत नसलेल्या दाराचं लिंटेल त्यांनी आयुष्यात टाकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "उंची काय धरू?"

बाबा त्यांच्या बाजूला उभे होते. बांधकाम चालू असताना ते घरात बसूच शकत नाहीत. मिस्त्रींनी उंची विचारली आणि, दादा, बाबांचा हात वर गेला. स्वतःच्या डोक्याच्या वर, सवयीनं. आणि तिथेच थांबला. मी बघितलं, आईनंही बघितलं. हात हळूहळू खाली आला.

आई अर्धवट भिंतीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. नवी भिंत जिथे जुन्या भिंतीला मिळते, तिथे जुन्या भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली. स्लिपर घालून.

"माझ्या डोक्यावर चार बोटं," ती म्हणाली. "बास."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आई, एवढ्या कमी उंचीचं दार कुठल्याच नियमात बसत नाही. बाबांना वाकावं लागेल."

"लागू दे."

मिस्त्रींनी आता बाबांकडे बघितलं. बाबा पुढे आले. मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. आईच्या डोक्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली, केसांना लागतील न लागतील अशी, आणि त्यांच्या वर भिंतीवर रेघ ओढली. आपल्या बाबांच्या हातची रेघ, जी पट्टीशिवायही सुतासारखी सरळ यायची, ती काल नागमोडी आली. आई हलली नाही. रेघ पुरी होईपर्यंत डोळे मिटून उभी राहिली.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि काल त्यांनी तिचं माप घेतलं.

मग ती परत आपल्या बाजूला गेली आणि मिस्त्रींनी पुढचा थर घेतला. आज लिंटेल बसलं. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडून प्लास्टर होईल, मग भिंत सगळीकडे सारखी दिसेल. ते दार कधी होईल की नाही, मला ठाऊक नाही. आईला विचारलं तर म्हणते, "मी कुठे दार म्हटलं?"

तू विचारलं होतंस ना, आलास तर कुठल्या घरी उतरायचं. आईनं पत्रातलं तेवढंच एक वाक्य मला वाचून दाखवलं. तिनं उत्तर सांगितलंय, तिच्या शब्दांत लिहिते: खोली मी घेतली, पण चहा प्यायला जागा आहे, ओट्यापाशी वाकून उभं राहावं लागेल.

तुझी,
बुटकी